अमेरिकेतल्या मिझुरीहून नाशिकच्या जेल रोडला

ती. आई-बाबांस, शि. सा. नमस्कार.

व्हिडिओ कॉलचा निम्मा वेळ "आवाज येतोय का" यातच जातो आणि उरलेल्या वेळात आई माझे गाल तपासते, म्हणून लिहितेय. गाल जागेवर आहेत. वरण-भात रोज होतो. घड्याळं एक तास मागे गेल्यामुळे आता मी तुमच्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, तेव्हा फोन उचलला नाही तर मी झोपलेली असते, आजारी नसते.

बाबा, "नाशिकला पेपरात बातम्या दिल्याच होत्यास, मग तिथे जाऊन परत बातमीदारीच काय शिकतेस?" हा प्रश्न समोरच्या काकांचा, ओळखला मी. त्यांना सांगा, ॲडव्हान्स्ड रिपोर्टिंग या माझ्या विषयाला वर्ग म्हणायचं एवढंच. 'कोलंबिया मिझुरियन' हा इथल्या कोलंबिया गावचा खराखुरा पेपर; बातम्या विद्यार्थी आणतात आणि डेस्कवर मुरलेले संपादक बसतात. आमची पत्रकारितेची शाळा १९०८ सालची. केसरीतल्या लेखांवरून टिळकांना शिक्षा झाली, तेच साल. माझ्याकडे नगरपालिकेच्या बातम्या आहेत. सभेतली भाषणं उतरवून घेणं हे इथे काम धरतच नाहीत. बजेटची एक्सेल शीट उघडायची, मागच्या वर्षांच्या आकड्यांशी लावायची आणि जिथे जुळत नाही तिथे विचारायला जायचं. कागद हवे असतील तर 'सनशाइन लॉ' नावाचा कायदा आहे. कार्यालयाला कामकाजाच्या ३ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. तुमच्या घरपट्टीच्या माहिती अधिकाराच्या अर्जाला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावूनही, ३० दिवस असतात. पण हुरळू नका, "शोधतोय, अमुक तारखेला देऊ" हेही उत्तरच, आणि शोधायला लागलेल्या वेळाचे पैसे मागतात ते वेगळे.

इथलं एक खूळ मात्र सविस्तर सांगायलाच हवं. बातमी लिहून झाली की ती जायच्या आधी, तिच्यात ज्यांचं नाव आहे त्या प्रत्येकाला फोन करायचा. त्यांच्याबद्दल लिहिलेला प्रत्येक तपशील आणि त्यांचं बोलणं वाचून दाखवायचं. वय, हुद्दा, गल्ली. नावाचं एकेक अक्षर, कारण जॉनसुद्धा इथे दोन प्रकारे लिहितात. कुत्र्याचा रंग लिहिला असेल तर तोही विचारायचा. अख्खी बातमी वाचायची नाही, मथळा सांगायचा नाही, सूर बदलून मिळत नाही. फक्त "हे असंच आहे ना, तुम्ही असंच म्हणालात ना?" आपल्याकडे नगरसेवकाला असा फोन केला तर तो म्हणेल, "थांबा ताई, पीए दुसरं पाठवतो," आणि वाढदिवसाच्या फोटोसकट प्रेसनोट येईल. इथे परवा एका गृहस्थांना त्यांचंच सभेतलं जळजळीत वाक्य ऐकवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बोललो खरा." आणि ते तसंच छापून आलं. आई, याला विचारून छापणं म्हणत नाहीत, आणि मी घाबरतही नाही. उलट फोन लावताना छाती धडधडते ती समोरच्याने "मी असं म्हणालोच नाही" म्हटलं तर काय याची.

सभा रात्री लांबते, पण येताना वर्गातली मैत्रीण गाडीने दारापर्यंत सोडते. आई, इथल्या बंदुकांच्या बातम्या तू वाचतेस त्या खोट्या नाहीत. पण नाशिकच्या बातम्या मी इथून वाचते तेव्हा मलाही वाटतं, नाशिक रोडला आता कोणी घराबाहेर पडत नसेल.

आता पैशाचं. माझ्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते कोर्स संपल्यावर सुरू होतील. व्याज चढतंय ते मला माहीत आहे, दर वेळी सांगू नका. कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, ते लायब्ररीत करते, त्यातून भाडं निघतं. बाबा, जन्मभर प्रेसमध्ये नोटा छापलेल्या माणसाने एफडी मोडून माझं तिकीट काढायचं नाही. दादाच्या लग्नाला मला येता येणार नाही. फेब्रुवारीत सेमिस्टर भर रंगात असतं, हे कारण खरं आहे. लग्न मागच्या वर्षीच व्हायचं होतं आणि माझ्या फीपायी हॉल सोडलात, हेही मला कळलंय. वहिनीच्या घरी काय कारण सांगितलंत ते विचारायचं मी टाळतेय. करवली म्हणून मावशीच्या मुलीला उभी करा, माझी येवल्याची पैठणी तिला नेसवा. ब्लाउज आई उसवून देईल. सोबत थोडे पैसे पाठवलेत. ते कर्जात भरू नका, बँडवाल्याला द्या.

आत्याने आणलेल्या पुण्याच्या स्थळाला सरळ सांगा, मुलगी बातमीदार आहे, रात्री उशिरा घरी येते. चालत असेल तर उन्हाळ्यात बोलू. नसेल तर आत्याला चहा देऊन वाटेला लावा.

तुमची,
मेघना

ता.क. एफडी अजून आहे ना? बाबा, खरं सांगा.