एका लाइटमध्येही चांगलं पोर्ट्रेट होतं

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत फोटोग्राफीवर काही आलं की मी आधी तेच वाचतो, पण हल्ली नव्या मुलांना वाटायला लागलंय की चार-पाच लाइट घेतल्याशिवाय स्टुडिओ पोर्ट्रेट होतच नाही आणि हे मला मनापासून खटकतं. एक लाइट, एक सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करायला लाइटवर लावायची, पुढे पांढरं कापड असलेली पेटी) नि उजेड परतवायला एक पांढरा थर्माकोल, बास झालं की!

लाइट चेहऱ्याच्या बाजूला साधारण ४५ अंशात, डोळ्यांच्या जरा वर ठेवा आणि मग हळूहळू सरकवत नाकाची सावली बघत राहा, ती गालाच्या सावलीला जाऊन मिळाली की पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो, यालाच रेम्ब्राँ लाइटिंग म्हणतात, १७व्या शतकातल्या त्या डच चित्रकाराच्या नावावरून. सावली फार काळी वाटली तर दुसऱ्या बाजूने थर्माकोल जवळ आणा. डोळ्यात उजेडाचा ठिपका मात्र दिसलाच पाहिजे, नाहीतर नजर निर्जीव वाटते.

अंतराचं तर कुणी सांगतच नाही. सॉफ्टबॉक्स जवळ आणला की सावलीची कड मऊ होते, लांब नेला की कडक. आणि लाइट १ मीटरवरून २ मीटरवर नेला तर उजेड निम्मा नाही, जवळजवळ पाव होतो, म्हणूनच लाइट माणसाजवळ आणि माणूस भिंतीपासून लांब ठेवला तर पांढरी भिंतसुद्धा करडी दिसते, वेगळा पडदा लागतच नाही.

तेव्हा दर वेळी नवीन कॅमेऱ्यांची माहिती देण्यापेक्षा एखादं पान लाइटिंगवर द्या ना, आकृत्यांसकट.

– एक नियमित वाचक