बरगडीखालची नस

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "हाड जुळलंय, एक्स-रे चांगला आलाय, तरी ह्यांचं दुखणं काही संपत नाही." बाबा, तुम्ही त्यावर गप्पच राहिलात, ते मला जास्त लागलं. आई, बाबांचं दुखणं खरं आहे गं. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, नसा नाही दिसत. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितेय.

मणक्यांच्या मधून दोन्ही बाजूंना नसांच्या 31 जोड्या बाहेर पडतात. त्यांतल्या 12 छातीच्या मणक्यांमधल्या. यातली नस बरगडीच्या खालच्या कडेला धरून पाठीकडून पुढे येते, इतकी लगटून की छातीत सुई घालायची असली तर डॉक्टर नेहमी बरगडीच्या वरच्या कडेवरून घालतात. तुमची बरगडी मोडली तेव्हा ही नसही चेपली गेली असणार. म्हणूनच आग पाठीतून निघते, पट्ट्यासारखी पुढे येते आणि छातीच्या बरोबर मधोमध थांबते, पलीकडे जात नाही. उजवी नस उजवीकडचंच बघते. शर्टाची शिवण घासली तरी भाजल्यासारखं होतं म्हणालात ना, तेही यातलंच. दुखावलेली नस साध्या स्पर्शाचा निरोपसुद्धा वेदना म्हणून मेंदूला पोचवते.

आता वेळ का लागतोय ते. नस म्हणजे विजेच्या वायरीसारखी, आत तार आणि वर वेष्टन. नुसतं वेष्टन दुखावलं तर काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ती सावरते. आतला धागा तुटला आणि बाहेरची नळी शाबूत असली, तर तो पुन्हा वाढतो, पण दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. एक वीतभर वाढायला सात महिने! साखर वाढलेली असली की आणखी उशीर, तेव्हा बाबा, तिकडे लक्ष हवंच. नस पूर्ण तुटली तर ती आपोआप जुळत नाही, पण तुमच्या बाबतीत डॉक्टरांना तसं वाटत नाहीये.

मात्र छातीत नव्यानं दुखलं, दडपण आलं, घाम फुटला, दम लागला, तर "नसेचंच असेल" म्हणून घरी बसायचं नाही. आधी हृदय तपासायचं. आणि त्या पट्ट्यात पुरळ किंवा पाण्याचे फोड दिसले तर ती नागीण असू शकते. तिचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालेलं उत्तम.

आई, आता तुझी कंबर. दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबली की पायात मुंग्या येतात, कळ जाते. बहुतेकांचं हे दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय निवळतं, म्हणून मी तुझ्यामागे घाई लावत नाही. पण एक गोष्ट नीट लक्षात ठेव. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि खाली नसांचा जुडगा उतरतो. तो सगळाच दबला तर बसायच्या जागी, मांड्यांच्या आत बधिर होतं, लघवी तुंबते किंवा कळत नाही, संडासवरचा ताबा जातो, दोन्ही पाय लुळे पडायला लागतात. यातलं काहीही झालं तर रात्र असो की पहाट, त्याच क्षणी हॉस्पिटलमध्ये जायचं आणि एमआरआयबद्दल विचारायचं. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. लघवीचं कसं सांगायचं म्हणून बायका गप्प बसतात. तू बसू नकोस. मला सांग, बाबांना सांग, डॉक्टरांना तर पहिल्याच वाक्यात सांग.

बाबांच्या नव्या गोळ्या नेहमीच्या वेदनाशामक नाहीत, नसेच्या दुखण्यासाठीच्या आहेत. त्यांनी गुंगी येते, तोल जातो. रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर बसा, दिवा लावा, मग पाय टाका. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका, कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच. आणि देव न करो, पण कुणी पडलंच आणि मान-पाठ दुखून हातपाय बधिर वाटले, तर उठवून बसवू नका. आहे तसंच राहू द्या आणि अॅम्ब्युलन्स बोलवा.

आई, एक काम करशील? बाबांना जिथे आग होते आणि जिथे बधिर लागतं, त्याची कड पेनानं त्यांच्या अंगावरच हलक्या हातानं आख आणि फोटो पाठव. दर पंधरवड्याला असाच एक. कुठली नस ते त्यावरून डॉक्टरांना लवकर कळेल, आणि पट्टा आक्रसतोय का तेही दिसेल.

तुमची,
लेक