औषध दिलेल्या गाईच्या दुधाचे पैसे: आमच्या पशुवैद्यकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

आम्हा शेतकऱ्यांच्याच मालकीच्या संस्थेचं सेंद्रिय दूध, दही आणि भाजीपाला ज्या गाडीतून ग्राहकांकडे जातो, तिच्यावर संस्थेचं नाव आहे. आत प्रत्येक क्रेटवर सभासदाचा क्रमांक आहे. तुमचं नाव कुठेच नाही, म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहोत. दुसऱ्या गावांतले दूध उत्पादकही ते वाचतील, तेव्हा तुमचं शिकवणं मोघम न सांगता मापासकट मांडतो.

तुम्ही सुरुवात गव्हाणीपासून केलीत. सेंद्रिय म्हटलं की शेतकरी फवारणी थांबवतो, शेणखत वाढवतो, आणि आंबोणात, म्हणजे दुभत्या गाईच्या खुराकात, सरकी पेंड मात्र चालूच राहते. आपल्या देशात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज बाजारातली बहुतेक सरकी बीटीची असते आणि जनुकबदल केलेल्या पिकाचं खाद्य सेंद्रिय मानकांत बसत नाही. त्या एका पोत्यापायी बाकीची सगळी मेहनत वाया जाते. तुम्ही नुसतं 'बंद करा' म्हणाला नाहीत. सभासदांच्याच सेंद्रिय रानातला मका भरडा, शेंगदाणा पेंड, तूर आणि हरभरा चुणी, गव्हाचा कोंडा असं आंबोण बसवून दिलंत, वर दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. बदल एका दिवसात केला तर पोटातले जिवाणू गडबडतात, गाय खाणं सोडते आणि फॅट घसरते. म्हणून तो दहा-पंधरा दिवसांत थोडा थोडा करायचा, हेही तुमचंच.

शेंगदाणा पेंडीचा धोका तुम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलात. दमट पेंडीला किंवा मक्याला बुरशी लागली की अफलाटॉक्सिन हे विष तयार होतं. गाईच्या पोटात गेल्यावर ते रूप बदलून दुधात उतरतं, आणि दूध उकळून ते जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची दुधासाठीची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना किंवा जिभेला काहीच कळणार नाही इतकी बारीक. म्हणून पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि पावसाळ्यात पुरेल तेवढाच साठा. बुरसट वास आला तर पोतं 'थोडं थोडं मिसळून' संपवायचं नाही, सरळ बाजूला काढायचं.

उसाचे फुकट मिळणारे वाढेही (शेंड्याचा हिरवा पालाही) तुम्ही थांबवलेत. शेजारच्या रानातली तणनाशकं हे एक कारण, आणि वाढ्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं हे दुसरं. त्यांच्या जागी राहुरी कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत गवत आणि आरएल-८८ लसूणघास आला. मुरघासात, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यात, युरिया टाकायची चाल इथे चालत नाही. मका चिकात भरत आल्यावर कापायचा, एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करायची, थरावर थर दाबून हवा काढायची आणि तोंड बंद करून ४५ दिवस हात लावायचा नाही. मुरघास बिघडतो तो बहुतेक वेळा दाबण्यात हयगय झाल्यामुळे. आत राहिलेल्या हवेवरच बुरशी जगते.

कासेबद्दल तुम्ही सर्वांत जास्त बोललात, आणि ते योग्यच होतं. सेंद्रिय गोठ्यात प्रतिजैविकाची गरज सर्वाधिक पडते ती दगडीसाठी, म्हणजे कासेच्या सुजेच्या रोगासाठी. दगडी कमी झाली की अर्धी लढाई संपते. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढून गुठळ्या बघायच्या. सड धुऊन कोरडे पुसायचे, प्रत्येक गाईला वेगळं फडकं. अंगठा दुमडून सड ओढायचे नाहीत, पूर्ण मुठीने धार काढायची आणि सहा-सात मिनिटांत संपवायची, कारण पान्ह्याचा जोर तेवढाच टिकतो. दगडी झालेल्या गाईची धार सगळ्यात शेवटी. नंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि गाईपुढे ताजा चारा टाकायचा. सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो, आणि चारा असला की गाय तेवढा वेळ खाली बसत नाही.

लपलेली दगडी ओळखायची तुमची परीक्षा आज प्रत्येक गोठ्यात होते. १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर, चारही सडांचं दूध चार वाट्यांत, प्रत्येकीत तेवढंच द्रावण. वाटी हळू फिरवायची. दूध घट्ट, लिबलिबीत झालं तर त्या सडात दोष आहे. व्यायल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि गाय आटत आली असताना ही परीक्षा फसवते, तेव्हा तिच्यावर विसंबायचं नाही.

सुरुवातीच्या दगडीवर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचवतं तो लेप तुम्ही दिलात: काटे काढलेली कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम. वाटून लालसर झालेल्या लगद्यातला मूठभर घेऊन १५० ते २०० मिली पाण्यात पातळ करायचा, दूध पूर्ण काढून सगळ्या कासेला लावायचा, दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. लेप रोज ताजा. पण गाईला ताप असेल, तिने चारा सोडला असेल, दूध पाण्यासारखं किंवा रक्ताळ येत असेल, तर लेपाची वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरला बोलवायचं. सेंद्रिय म्हणून गाईला तळमळत ठेवणं हा गुन्हा आहे, हे तुम्ही इतक्या ठामपणे बजावलंत की आता ते आमच्या नियमावलीत पहिल्या पानावर आहे.

आणि आता ज्यासाठी सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ती गोष्ट. प्रतिजैविक दिलं की दूध किती काळ वेगळं ठेवायचं? बाटलीवर लिहिलेल्या काळाच्या दुप्पट, आणि कमीत कमी ४८ तास, असं कोडेक्सचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचं, सेंद्रिय मार्गदर्शन सांगतं. बाटलीवर ७२ तास असतील तर आपले १४४ तास, म्हणजे रोज दोन वेळा धरून बारा वेळचं दूध. मागच्या पायाला लाल फीत, नोंदवहीत कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, औषध, तारीख, वेळ. ते दूध वासराला पाजायचं नाही, आणि त्या गाईचं शेणही तेवढे दिवस जीवामृताच्या (शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या खताच्या) पिंपात जाऊ द्यायचं नाही, कारण जीवामृत जिवाणूंवरच चालतं.

हे नियम पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असतात. तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात: बारा वेळचं दूध ओतून टाकणाऱ्या सभासदाच्या दहा दिवसांच्या बिलाचं काय? ज्याची एकच गाय आहे त्याने खरं सांगायचं तरी कसं? तुमच्या सांगण्यावरून संस्थेने लिटरमागे थोडी कपात करून निधी उभा केला आणि बाजूला ठेवलेल्या दुधाचे पैसे त्यातून द्यायचं ठरवलं. फीत बांधलेली गाय नोंदवहीत असेल तरच पैसे. मालक शेतकरीच असलेल्या संस्थेला हे करता येतं, कारण नफा कुठे जायचा हे सभासदच ठरवतात. नोंदवही खरी राहते ती या निधीमुळे. आमच्या मते सेंद्रिय दुधाच्या कुठल्याही शिक्क्याइतकाच तो महत्त्वाचा आहे.

भाजीपाल्याचं एकच सांगतो, कारण तिथेही तुमचं वाक्य कामी आलं: 'भांडं कुणाचं होतं ते विचारा.' पाठीवरचा पंप उसना आणला आणि त्यातून आधी २,४-डी हे तणनाशक मारलेलं असेल, तर तळाशी राहिलेल्या थेंबांनीही टोमॅटोची पानं आकसतात. सेंद्रिय प्लॉटचा पंप वेगळा, त्यावर रंगाचा पट्टा, आणि शेजारच्या फवाऱ्याच्या बाजूला बांधावर शेवरीची दाट ओळ. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानेच द्यायचं सेंद्रिय प्रमाणपत्र. त्याच्या स्थानिक गटात किमान पाच शेतकरी लागतात आणि ते एकमेकांचं शेत तपासतात. त्या तपासणीत आता पंपही बघितला जातो. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळातला माल 'पीजीएस-ग्रीन' म्हणूनच विकतो, तो काळ संपण्याआधी ग्राहकाला 'ऑरगॅनिक' म्हणत नाही.

नोंदवहीचा कोरा नमुना आणि निधीचा ठराव संकलन केंद्रावर ठेवला आहे. ज्या संस्थेला हवा असेल तिने प्रत न्यावी. पावसाळ्याआधी आंबोणाचं गोदाम एकदा तुमच्या नजरेखालून जावं एवढी विनंती आहे. फळ्यांची उंची वाढवली आहे, ती पुरेशी आहे का ते तुम्हीच सांगा.

आपले कृतज्ञ,
संचालक मंडळ आणि सर्व सभासद