दीड मीटरचा खड्डा

हिर्डोशी खोरे, ता. भोर
शनिवार, रात्र

प्रिय विज्या,

इथे रेंज नाही, म्हणून पत्र. आणि फोनवर तू मला इतकं बोलू दिलं नसतंस.

वाडीवर विजेची ११ केव्हीची लाइन न्यायचीय. खांब नऊ मीटरचा, त्याचा सहावा भाग, म्हणजे दीड मीटर, जमिनीत. किरकोळ वाटतं ना? वर वीतभर माती, मग मुरूम, आणि खाली काळा पाषाण. पहार मारली की ठिणगी उडते आणि हात कोपरापर्यंत झिणझिणतो. साडेसहा कोटी वर्षांचा थिजलेला लाव्हा तो, आमच्या ३१ मेच्या मुदतीला काय भीक घालणार!

मग सुरुंग. आमच्या ब्लास्टर आण्णांची हयात विहिरी फोडण्यात गेली. पहिल्याच खड्ड्याला मी म्हटलं, दारूच्या कांड्या वाढवा, एका बारात उरकू. "साहेब, ही विहीर न्हाय," एवढंच बोलले. मी ऐकलं नाही. खड्ड्याचा हौद झाला. खांबाला धरून ठेवतो तो भोवतीचा सलग कातळ, त्याचीच खडी करून बसलो. आता भरायला काँक्रीट, आणि सिमेंटची पोती डोक्यावरून वर आणायची. शिवाय एक धोंडा उडून वाडीतल्या एका म्हातारीच्या कौलांवर. घरी कोणी नव्हतं, नशीब. कौलं बदलायला मीच चढलो, तर खालून म्हणते, "तार यायच्या आधीच उजेड पाडलास की रं घरात!"

तेव्हापासून आण्णा म्हणतील तसं. जॅकहॅमरने पाच आखूड भोकं, मधलं आधी उडवायचं, म्हणजे कडेच्या चारांना सरकायला जागा होते. भोकात कांडी, तिच्यावर ओली माती ठासायची ती लाकडी दांड्यानं, लोखंडी पहार जवळ नको. त्यावर जाळी, वाळूची पोती, जुने टायर. कातळ नुसता खिळखिळा करायचा, बाकी ब्रेकरनं. आभाळ गडगडलं की काम बंद, विजेनं केप, म्हणजे कांडी उडवणारी नळी, आपोआप पेटू शकते.

काल भोकं पाच, आवाज चार. शिट्टी वाजवून सगळ्यांना लांब रोखलं. आण्णांनी वायर सोडवून ठेवली, बिडी काढली, न पेटवता बोटांत फिरवत बसले. बऱ्याच वेळानं एकटेच गेले, वाकून पाहिलं. न उडालेल्याला हात लावला नाही, हातभर बाजूला नवं भोक मारायला लावलं. तोवर मी तीनदा पाणी प्यायलो.

उद्या सातवा खड्डा. म्हातारीनं भाकरीला बोलावलंय.

तुझा,
सुध्या