कुत्र्याची खाज आणि माणसांच्या गोळ्या

संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की गंगापूर रोड, इंदिरानगर भागांतील श्वानपालक कुत्र्याच्या खाजेवर माणसांची सेटिरिझिनची (ॲलर्जीवरील औषधाची) गोळी सर्रास सुचवतात. पशुवैद्यकही हे औषध वापरतात, हे खरे. परंतु ते मात्रा वजनावरून, साधारणतः किलोमागे १ मिलिग्रॅम अशी ठरवतात आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा अन्य औषधे चालू आहेत का, हेही आधी पाहतात. खरा धोका सर्दीच्या मिश्र गोळ्यांचा आहे. त्यांत सेटिरिझिनसोबत अनेकदा पॅरासिटामॉल आणि नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिन असते, आणि फिनाइलएफ्रिनसारखी द्रव्ये कुत्र्याचा रक्तदाब व हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडवू शकतात. साखरविरहित सिरपमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असल्यास कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते, यकृतही निकामी होऊ शकते. शिवाय खाजेचे मूळ पुष्कळदा पिसवा-गोचिडांत असते. तेथे या गोळीचा फारसा उपयोग होत नाही (आणि आपण मात्र मात्रा वाढवत बसतो). तोंड सुजले किंवा धाप लागली, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता कुत्र्याला थेट पशुवैद्यकाकडे न्यावे. शहरातील औषध विक्रेत्यांनीही कुत्र्यासाठी गोळी मागणाऱ्याला तिच्यातील सर्व घटक वाचून दाखवावेत आणि पशुवैद्यकाची चिठ्ठी मागावी, ही विनंती.

– एक श्वानपालक, नाशिक