तू पाठवलेला तक्ता

रायबंदर,
चवथ उरकल्यानंतरचा रविवार

चि. बाबू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा धावण्याच्या सरावाचा तक्ता मिळाला. बाबांनी तो लगेच छापून आणून फ्रिजवर चिकटवलासुद्धा. मी तो काढून कपाटात ठेवला आहे. रागावू नकोस, आधी नीट वाच.

डिसेंबरात वास्कोच्या रिव्हर मॅरेथॉनला आईने एकवीस किलोमीटर धावावं ही तुझी हौस मला कळते. तक्ताही देखणा आहे. आठवड्याला पाच दिवस धावणं, रविवारी लांब पल्ला, आणि शेजारी वजनाचा रकाना, तो दर आठवड्याला शहाण्या मुलासारखा एकेक किलोने खाली उतरणारा. पण हा तक्ता ज्या कुणासाठी केला असेल त्या माणसाला पहाटे उठून दोन केळी खाता येतात आणि वाटेत बाटलीभर पाणी घटाघटा पिता येतं. मला दोन्ही येत नाही.

तू लिहितोस, तुझ्या ऑफिसातल्या मित्राच्या आईचंही माझ्यासारखंच वजन उतरवायचं ऑपरेशन झालं होतं आणि ती वर्षात अर्धमॅरेथॉन धावली. तिचं चांगलं झालं, पण तिचं ऑपरेशन वेगळं, त्याला स्लीव्ह म्हणतात. तिच्या पोटाचा पाऊण हिस्सा कापून काढलाय, उरली ती नळी. माझा बँड, काहीच कापलेलं नाही. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचं कडं बसवलंय, पिशवीला वरून सैल नाडी आवळावी तसं. नाडीच्या वर जी जागा उरते तिच्यात दोन मोठे चमचे मावतात, फार तर. कड्याच्या आतल्या बाजूला पोकळ फुगा असतो. पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीतून, म्हणजे पोर्टमधून, डॉक्टर सुईने त्यात सलाईन भरतात, म्हणजे कडं घट्ट होतं. काढून घेतलं की सैल. आजकाल बँड घालणारे डॉक्टर कमीच, सगळे स्लीव्ह किंवा जठराची बायपास करतात. मी बँड घेतला तो उद्या काढता येईल म्हणून. त्याची किंमत म्हणजे वजन सावकाश उतरतं, आणि जेवताना रोज त्या कड्याशी बोलणी करावी लागतात. ती अजून चालूच आहेत.

कड्याची तऱ्हा अशी की चांगलं ते अडवतं आणि नको ते सोडतं. पोदेराचा गरम उंडा, म्हणजे पाव, घशाखाली गेला की गोळा होऊन बसतो. कोंबडीचे तुकडे अडकतात. लेपो किंवा मुडदुशीसारखी मासळी हुमणात, आमटीत, मऊ शिजलेली असेल तर जाते, उकडलेलं अंडं सावकाश चावलं तर जातं, डाळ जाते. आणि चवथीच्या नेवऱ्या, आपल्या करंज्या? त्या कुरकुरीत, तोंडात विरघळणाऱ्या, कितीही खा, कडं हूं की चूं करत नाही. गोड पातळ पदार्थांचंही तेच. आइस्क्रीम, सरबत, मिल्कशेक थेट खाली. म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गोड प्यायचं नाही. आणि तुझ्या तक्त्यात दर पाऊण तासाला एक गोड एनर्जी जेल आणि स्पोर्ट्स ड्रिंक! धावणाऱ्याला जे औषध, ते बँडवाल्याला चोरवाट. या दोघांचं जमवायचं कसं, हा माझा खरा सराव. पाय काय, ते ऐकतात.

आता पहाटेचं ऐक. इथे सात वाजून गेले की ऊन अंगावर येतं, त्यामुळे निघायचं ते काळोखात. आणि बऱ्याच बँडवाल्यांसारखा माझाही बँड सकाळी सगळ्यात घट्ट असतो. दुपारी जे सहज खाल्लं जातं ते पहाटे पाचला छातीत अडकतं, मग तोंडाला चिकट पाणी सुटतं, आणि ते बाहेर पडेपर्यंत धावणं सोड, उभंही राहवत नाही. म्हणून घन काही खायचंच नाही. आदल्या रात्रीची उकड्या तांदळाची पेज, शितं गाळून, चवीपुरतं मीठ घालून, वाटीभर, घोटाघोटाने. ती प्यायला पंधरा-वीस मिनिटं जातात. मग अर्धा तास थांबून निघायचं. तुझी आजी म्हणायची, पेज म्हणजे गरिबाचं जेवण. माझ्यापुरतं ते धावणाऱ्याचं जेवण झालंय, आणि त्या पुड्यातल्या जेलपेक्षा चवीला पुष्कळ बरं.

पाण्याचा हिशोब मात्र तू माझ्याबरोबर बसून कर, तुला आकडे आवडतात. आपली हवा दमट इतकी की घाम सुकतच नाही, नुसता टपकतो, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. पुण्यातल्या टेकडीवर तू ज्या वेगाने धावतोस तो वेग इथे मोजूच नकोस. माझ्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जातं. मी पिऊ शकते किती? दर दहा मिनिटांनी दोन-तीन घोट, साधारण ५० मिली. जास्त घेतलं तर वर येतं. म्हणजे तासाला ३०० मिली. तुटवडा तासाला ७०० मिलीचा. माझं वजन आज ८५ किलो. अंगातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घटलं की दम लवकर तुटतो, पाय जड होतात; माझ्यासाठी तो आकडा १.७ लिटर. मी चालत-धावत किलोमीटरला नऊ मिनिटं घेते. दहा किलोमीटरला दीड तास, तुटवडा लिटरभराचा, चालेल. एकवीसला तीन तासांच्या वर. तुटवडा दोन लिटर ओलांडणार. डिसेंबरात पहाट गार असते, घाम थोडा कमी येईल, मान्य. तरी हिशोब बसत नाही. माझे गुडघे एकवीस धावतील की नाही हा प्रश्न नंतरचा. माझ्या घशाखाली एकवीस किलोमीटरचं पाणी उतरत नाही.

म्हणून मी दहा धावणार. नाव तेवढ्याचंच घाल.

दुसरं, तो वजनाचा रकाना. तो मी पेनने खोडला आहे. किलोमीटर आणि किलो एका ओळीत मांडू नकोस बाबा. सपाट रस्त्यावर धावताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे माझ्या ८५. एक किलो चरबीत जवळजवळ ७,७०० कॅलरी. कर भागाकार. नव्वद किलोमीटर! पणजीहून मडगावला जायचं, परत यायचं, आणि पुन्हा मडगावच्या वाटेला लागायचं, तेव्हा कुठे एक किलो. आणि दमून घरी आल्यावर दोन नेवऱ्या खाल्ल्या की त्यातलं बरंचसं पाणी फिरलं. माझे ११२ चे ८५ झाले ते बँडमुळे आणि ताटामुळे. धावायला लागले तेव्हा बरंच वजन आधीच उतरलं होतं.

उलट पल्ला वाढवला की काही आठवडे काटा हलतच नाही, कधी वर जातो. स्नायू साखर साठवून ठेवतात आणि ती साखर आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवते. हे माहीत नसलेला माणूस घाबरून जेवण तोडतो. आमच्या ग्रुपमधल्या एकीचं असंच झालं. रविवारी लांब धावून आली की दुपारी फक्त तवशाची, काकडीची, कोशिंबीर. केस गेले, मग रक्त तपासलं तर लोह तळाला, मग नडगीचं हाड दुखायला लागलं. लांब पल्ल्याच्या दिवशी जास्त खायचं असतं. आता जास्त म्हणजे माझ्या बाबतीत काय, तर जेवणं सहा. दर वेळी छोटी वाटी, आधी अंडं, मासळी, पनीर नाहीतर डाळ, भात शेवटी, जागा उरली तर. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मग धावणार कशाने? जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. त्यामुळे दिवसभराचं पाणी मधल्या वेळात बसवायचं. निवृत्त बाई आहे म्हणून जमतं. शाळेत शिकवत असते तर तासाची घंटा आणि घोट यांची सांगड बसली नसती.

माझा तक्ता साधा आहे. मंगळवार, गुरुवार, रविवार धावणं. दोन मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं. आणि चालण्याच्या त्या मिनिटात घोट. चालण्याची लाज वाटत नाही मला. सोबतीणीशी अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त झाला. सोमवारी आणि शुक्रवारी घरात खुर्चीवरून उठबस, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली, तांदळाची पाच किलोची पिशवी घेऊन व्हरांड्यात फेऱ्या. तुझ्या तक्त्यात ताकदीच्या व्यायामाचा एकही दिवस नव्हता, हे मला खटकलं. तुमच्या वयाला चालत असेल.

रस्ता आपला नेहमीचाच. घरून निघून पणजीकडे, बांधावरून पाटोपर्यंत आणि परत. पोर्तुगीजांनी तो बांध १६३४ च्या सुमारास बांधला, तीनेक किलोमीटर, चढ-उतार नावाला नाही. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि कांदळवन. सावली मात्र शून्य, म्हणून उजाडायच्या आत परतायचं. रविवारी जुन्या गोव्याच्या बाजूला जाते, तिथे निदान घरं आणि झाडं आहेत. चोडण बेटावर फेरीबोटीतून जाऊन पाहिलं, रस्ते फार सुरेख, पण तिथली कुत्री मला अजून ओळखत नाहीत. बाबा स्कूटरवरून मागे मागे येतात, बाटली घेऊन. लोकांना वाटतं भांडून निघालेय. फेरीच्या धक्क्यावरची बाई रोज ओरडते, "बारीक जाली गो तूं!" आणि मी हात करते, कारण बोलायला थांबले तर लय मोडते.

बाटलीवरून आठवलं. तू पाठवलेला तो कमरेचा पट्टा, चार बाटल्यांचा, परत पाठवते आहे. तो नेमका पोर्टवर घासतो. हातातली छोटी बाटली बरी. तिच्यात पाणी, लिंबू, मीठ आणि चमचाभरच साखर. एवढी गोडी डॉक्टरांना विचारून घेतली आहे, आणि धावण्याच्या दिवसांपुरतीच.

गुडघ्यांची काळजी करू नकोस. दर किलो वजन उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक चार किलोंनी हलका होतो. माझे सत्तावीस उतरले, गुणाकार तूच कर. पण दुखलं तर मी ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणार नाही, आणि कुणी प्रेमाने हातावर ठेवली तरी नाही. धावणारी माणसं या गोळ्या बडीशेपेसारख्या वाटत सुटतात. बँडवाल्याच्या पोटात त्यांनी व्रण होतो, आणि कडं जठराच्या भिंतीत रुतायची भीती वाढते. पॅरासिटामॉल, नाहीतर बर्फ, नाहीतर दोन दिवस सुट्टी.

एक गोष्ट मात्र तुलाही माहीत असू दे, कारण बाबा वेळेला गोंधळतात. पाण्याचा घोटही उतरेना, रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येऊन खोकला लागला, किंवा उलट्या थांबेनात, तर कडं सरकलेलं असू शकतं. अशा वेळी "सकाळी बघू" म्हणायचं नाही, त्याच रात्री डॉक्टर. फोन केलास आणि मी बोलायची टाळाटाळ करते आहे असं वाटलं, तर बाबांना गाडी काढायला लाव.

ऑक्टोबरात डॉक्टरांकडे जायचं आहे. बँड थोडा सैल केला तर धावताना जास्त पाणी जाईल का, आणि मग ताटावरचा ताबा सुटेल का, हे दोन्ही विचारणार आहे. ते नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर हिवाळाभर घोट वाढवून बघू, ५० चे ७० झाले तर पुढच्या वर्षी तुझ्या एकवीसचा विचार करू.

दिवाळीला फोव (पोहे) खायला येशील तेव्हा माझे बूट घेऊन ये. मागच्या खेपेच्याच जातीचे, पण सहा नंबर नको, साडेपाच आण. वजनाबरोबर पावलंही बारीक झाली आहेत, जुन्या बुटात टाच सरकते आणि फोड येतात. आता दोन जोड मोजे घालून भागवते आहे.

तुझी,
आई

ता. क. नेवऱ्यांचा डबा बाबांनी तुझ्यासाठी बसमधून पाठवला आहे. घरात ठेवला नाही तेच बरं.