मासळीच्या टनांबरोबर तिचा वंशही मोजला जावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंद असते, गगनबावडा आणि आंबा घाटातून येणाऱ्या मासळीच्या गाड्या रोडावतात आणि सुरमई-पापलेटचे चढे दर ही कोल्हापुरात बातमी होते. पुढे आवक वाढली की दर उतरल्याची बातमी येते आणि विषय तिथेच संपतो. घाटमाथ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्या ग्राहकांनी मासळीकडे आवक आणि दर या दोनच अंगांनी पाहावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु मासेमारीविषयीची सरकारी चर्चाही प्रामुख्याने कोणत्या बंदरावर किती टन मासळी उतरली याभोवतीच फिरते, आणि त्या मासळीत प्रजननक्षम वंश किती उरले आहेत हा प्रश्न जवळजवळ विचारलाच जात नाही. प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव फार गंभीर वाटते, म्हणून हे पत्र.

टनांचा आकडा किती फसवा असू शकतो, याचे बोलके उदाहरण न्यूझीलंडच्या टास्मन उपसागरात मिळाले. तिथल्या स्नॅपर माशाचे 1950 पासूनचे वाळलेले खवले मत्स्यखात्याने वय मोजण्यासाठी जपून ठेवले होते. त्यांतून डीएनए काढून संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिले की, समुद्रात लाखो मासे असतानाही आपला वंश पुढच्या पिढीत खऱ्या अर्थाने पोहोचवणाऱ्या माशांची परिणामकारक संख्या काही शेकड्यांतच होती आणि मासेमारी सुरू झाल्यापासून त्या माशाचे जनुकीय वैविध्य घटत गेले होते. याचे कारण समुद्री जीवांच्या प्रजननातच आहे. एक मादी लाखो अंडी सोडते, परंतु त्यांतून निघालेले डिंभ, म्हणजे अगदी बाल्यावस्थेतली पिल्ले, प्रवाहाबरोबर वाहतात, उपाशी मरतात, खाल्ले जातात. ज्या थोड्या माद्यांची अंडी नेमक्या वेळी नेमक्या पाण्यात पडली, त्यांचीच संतती त्या वर्षी तगते. त्यामुळे जाळे भरलेले दिसत असतानाही आतून वंशवैविध्य झिजत असू शकते.

आपल्या बाजारातही हे पाहण्याची नजर ठेवता येते. परातीत शेजारी शेजारी मांडलेली वीतभर सुरमई आणि हातभर लांबीची, गाभोळीने पोट फुगलेली सुरमई यांच्याकडे आपण केवळ दराच्या दृष्टीने पाहतो. लहान मासा विणीआधीच पकडला गेला हे तर उघडच आहे, आणि त्यासाठी राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवून दिले, हे निश्चितच स्वागतार्ह पाऊल होते. परंतु मोठ्या मादीचे मोलही तितकेच समजून घ्यायला हवे. अटलांटिक महासागरातल्या कॉड माशाची 30 किलो वजनाची एक मादी 2 किलोच्या 28 माद्यांनी मिळून घातलेल्या अंड्यांपेक्षा अधिक अंडी घालते, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले; त्या 28 माद्यांचे एकत्रित वजन 56 किलो भरते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक किती आहे ते कळेल. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या मोठेच मासे काढून घेतले, तर लहान आकारात लवकर वयात येणारे मासे मागे उरतात आणि तो गुण संततीत उतरत राहतो. किमान आकाराचा नियम आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न सीमांचा. मालवणचा बांगडा, रत्नागिरीचा बांगडा आणि कारवारचा बांगडा हा एकच साठा, म्हणजे आपापसांत वीण करणारा एकच समूह, आहे की तीन? आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे वाहू लागतो. त्यामुळे पावसाळ्यात वीण करणाऱ्या माशाचे डिंभ एका दिशेला जातात आणि हिवाळ्यात वीण करणाऱ्याचे दुसऱ्या. इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. दोन ठिकाणच्या माशांमध्ये जनुकीय साम्य टिकून राहायला पिढीमागे मोजक्या माशांची ये-जा पुरते. पण एखाद्या बंदरासमोरचा समुद्र रिकामा झाला, तर तो भरून काढायला तेवढी ये-जा मुळीच पुरत नाही. म्हणून 'डीएनए सारखाच आहे, तेव्हा इकडे कमी झाले तरी तिकडून येतील' असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. उलट, डिंभ आपण समजतो तितके दूर जातातच असे नाही. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात क्लाउनफिशचा अभ्यास झाला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश पिल्ले जन्मस्थळाच्याच छोट्या टापूत परतलेली आढळली, काही तर जन्मले तिथून 100 मीटरच्या आत.

मालवणच्या सागरी अभयारण्याचा वाद या प्रकाशात पाहायला हवा. 1987 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले, आणि तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढून पोट भरणाऱ्या माणसाला 'इथे मासे मारू नका' असे सांगताना त्याच्या पदरात काय पडणार हे कुणी नीट दाखवून दिले नाही, तर त्याचा विरोध गैर म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवरच्या केपेल बेटांभोवती नेमके हेच दाखवून देण्यात आले. मोठ्या माशांचे आणि पिल्लांचे डीएनए जुळवून प्रत्येक पिल्लाचे आईबाप कोणत्या भागातले हे शोधले गेले, तेव्हा प्रवाळक्षेत्राचा केवळ 28 टक्के भाग राखीव असूनही 30 किलोमीटरच्या परिसरातली जवळपास निम्मी पिल्ले त्या राखीव भागातून आलेली निघाली. त्यांतली पुष्कळशी मासेमारी चालू असलेल्या भागात जाऊन वाढली. हा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. असाच पुरावा मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या मच्छीमारांसमोर मांडला गेला, तर बंदी लादण्यापेक्षा तो कितीतरी अधिक पटेल. आणि पुरावा उलट निघाला, तर अभयारण्याची सीमा बदलण्याचा मोठेपणा शासनानेही दाखवायला हवा.

प्रवाळांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सिंधुदुर्ग किल्ला पाहायला आणि तिथल्या पाण्यात बुडी मारायला जाणाऱ्या पर्यटकांत कोल्हापूरकर मोठ्या संख्येने असतात. प्रवाळाची तुटलेली फांदी नव्या जागी रुजते, म्हणून पुनर्रोपणाच्या कामांत एका वसाहतीचे (एकत्र वाढलेल्या प्रवाळ-जीवांच्या एका झुपक्याचे) तुकडे करून ते चौकटींवर बांधतात. हे थेट आपल्या उसाच्या बेण्यासारखे आहे. उसाच्या एकाच बेटाची बेणी लावली तर सगळा फड एकाच वंशाचा होतो. उत्तर प्रदेशात को 0238 या एकाच वाणावर भर दिल्यानंतर लाल कूज रोगाने तिथे जो फटका दिला, त्याचे महत्त्व आपल्या भागातल्या ऊस उत्पादकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. समुद्रात हा रोग म्हणजे उष्णता. पाणी तापले की प्रवाळ आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. एप्रिल 2024 मध्ये जगभरातल्या चौथ्या प्रवाळ-विरंजनाची अधिकृत घोषणा झाली. अशा वेळी काही वसाहती मरतात आणि शेजारच्या काही तगतात. त्या तगण्यात जनुकांचा वाटा असतो. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या प्रयोगात उष्ण पाण्यातल्या प्रवाळांच्या संततीची उष्णतेत जगण्याची शक्यता थंड पाण्यातल्यांच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक आढळली. म्हणजे पुनर्रोपणासाठी फांदी कोठून घ्यायची हा निर्णय सोयीवर सोडता येणार नाही. मालवणचे प्रवाळ कच्छच्या आखातापासून आणि लक्षद्वीपपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. त्यांचे नाते विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 100 किलोमीटरवर पाण्याखाली असलेल्या, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँक या उथळ पठाराशी आहे की कारवारच्या दक्षिणेकडच्या नेत्राणी बेटाशी, हे आधी तपासावे आणि मगच पुनर्रोपणावर पैसा खर्च करावा.

साध्या ओळखीपुरतेही जनुकशास्त्र किती उपयोगी पडते, ते पापलेटवरून दिसते. 2023 मध्ये राज्यमासा म्हणून गौरवलेले हे पापलेट आपल्याकडे दीर्घकाळ पॅम्पस अर्जेन्टियस या नावाने नोंदले जात होते. शरीररचना आणि डीएनए यांच्या तपासणीनंतर भारतीय किनाऱ्यावरची ही पापलेटे पॅम्पस कँडिडस या वेगळ्या जातीची असल्याचे मांडले गेले. जातच वेगळी असेल, तर दुसऱ्या देशांत मोजलेले विणीचे वय, वाढीचा वेग आणि हंगाम आपल्या नियमांना आधार म्हणून वापरता येणार नाहीत.

यासाठी लागणारी साधने आवाक्याबाहेरची नाहीत. परातीतल्या माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा तीव्र अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकून त्यावर तारीख, बंदर, जाळ्याचा प्रकार आणि माशाची लांबी लिहिली, तर तो नमुना पुढची अनेक वर्षे उपयोगी पडतो. फॉर्मलिन मात्र वापरू नये, त्याने डीएनए खराब होतो. असे नमुने मालवण, देवगड, रत्नागिरी, हर्णे या बंदरांवर दर हंगामात गोळा करून त्यांचा कायमस्वरूपी संग्रह उभारावा. रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांनी हे काम वाटून घ्यावे, आणि कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था व लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांचे मार्गदर्शन घ्यावे. आपल्या महाविद्यालयांतली प्राणिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाची मुले प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांना पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा हे काम कितीतरी अधिक शिकवील. टास्मन उपसागरातले जुने खवले कुणी जपून ठेवले नसते, तर तिथली घसरण कुणालाच दिसली नसती, आणि आज आपण जे नमुने घेणार नाही ते 20 वर्षांनी कुठूनही मिळणार नाहीत.

या संग्रहातून निघणारे निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकांपुरते न राहता मराठीत छापून मच्छीमार सहकारी सोसायट्यांकडे दरवर्षी पोहोचावेत. पर्ससीन (मोठ्या नौकांवरून माशांच्या थव्याला वेढणारे जाळे) आणि रापण यांच्या वादात, अभयारण्याच्या सीमेच्या प्रश्नात किंवा मासेमारी बंदीच्या मुदतीविषयी बोलताना त्यांच्या हाती तो कागद असायला हवा. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने आणि शिवाजी विद्यापीठाच्या प्रशासनाने या सूचनेचा विचार करावा, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर